धंदा कोसळल्यावर आधी वही उघडा

व्यापारी व कारागीर बंधूंनो, धंद्यात पडझड कोणाला चुकली आहे? ८ नोव्हेंबर २०१६ रोजी ५०० व १००० च्या नोटा बंद झाल्या आणि रोखीने मजुरी देणाऱ्या मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमागांची अडचण झाली. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला. मार्च २०२० च्या टाळेबंदीत माग थंडावले, कारागीर गावाकडे परतले.

त्या टाळेबंदीत आमचा उधारीचा माल परगावी अडकला. सूतवाल्याचे देणे डोक्यावर होते. दोन महिने आम्ही त्याचा फोन उचलला नाही. वही उघडायचीही भीती वाटे. ही आमची मोठी चूक. पैसा गेला होताच, साखही जाऊ लागली. अखेर हिशेब मांडला तेव्हा नुकसान आम्ही धास्ती घेतली होती त्याहून बरेच कमी निघाले.

त्यातून शिकलेल्या चार गोष्टी :

१) देणे, येणे व पडून असलेला माल यांच्या तीन याद्या करा. बुडालेले येणे भांडवलात धरू नका.

२) ज्याचे देणे आहे त्याच्याकडे आपण होऊन जा. हप्ता लहान कबूल करा, पण तारीख चुकवू नका. आम्ही तसे केले, तेव्हा त्याच सूतवाल्याने पुन्हा माल दिला. कारागिराची मजुरी मात्र सर्वांत आधी चुकती करा.

३) जुने देणे फेडण्यासाठी व्याजाने नवे काढू नका. पडून असलेला माल कमी भावात काढा. गोदामातल्या कापडापेक्षा हातातली रोकड बरी. आता एका पार्टीकडे चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त उधारी आम्ही ठेवत नाही.

४) उधारी लेखी ठेवा; सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत हीच ताकीद आहे. कारखानदारांनी उद्यम नोंदणी करावी, ती मोफत आहे. २००६ च्या कायद्याप्रमाणे नोंदणीकृत सूक्ष्म व लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला हे संरक्षण नाही, म्हणून त्याने अधिक सावध राहावे.

सब्र करावा, पण हात बांधून बसू नये. आज दुकान वाढवल्यावर घरच्या पोरांना जवळ बसवा आणि वही उघडा.