यदु राजाचा प्रश्न

श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधातील अवधूताचे चोवीस गुरू आपल्या पुष्कळ सभासद-कुटुंबांस परिचयाचे आहेत. पृथ्वी, वायू, कपोत, अजगर ही नावे मुलेही म्हणून दाखवितात. नाथमहाराजांनी याच स्कंधावरील आपली मराठी टीका शके १४९५ मध्ये काशीक्षेत्री पूर्ण केली. परंतु त्या चोवीस गुरूंच्या आधी जे घडते, त्याकडे सहसा आपले लक्ष जात नाही. यदु राजास एक अवधूत हिंडताना दिसतो. तो तरुण आहे, विद्वान वाटतो आणि वागतो मात्र जड किंवा उन्मत्त माणसासारखा. राजा त्यास काही देऊन वाटेस लागत नाही. तुम्ही असे का हिंडता, हे तो आदराने विचारतो आणि उत्तर ऐकत राहतो. ते उत्तर नवव्या अध्यायापर्यंत चालते. राजाने प्रश्न केला नसता, तर चोवीस गुरू कोणास कळलेच नसते.

इतिहासातील दृष्टांत तर सुरतेपासून फार दूरचा नाही. तेराव्या शतकात वऱ्हाडातील ऋद्धिपुरात, म्हणजे आजच्या अमरावती जिल्ह्यातील रिद्धपुरात, गोविंदप्रभू रस्त्यांतून हिंडत, स्वतःशी बोलत, हसत, कोणाच्याही घरी शिरून अन्न घेत. जातीचा विधिनिषेध त्यांना नव्हता. गावास ते वेडे वाटत आणि तरीही गाव त्यांना सांभाळी. आपल्या उत्तरेस नर्मदाकाठी असलेल्या भडोचचे हरपाळदेव रामटेकच्या यात्रेस निघाले असता वाटेत त्यांना भेटले व त्यांनाच गुरू मानते झाले. हेच पुढे चक्रधरस्वामी झाले, असे महानुभाव परंपरा सांगते. म्हाइंभटांनी दोघांच्याही आठवणी माणसामाणसांस विचारून लिहून ठेवल्या. मराठीच्या अगदी आरंभीच्या गद्यात रस्त्यावरच्या एका ‘वेड्या’चे चरित्र आहे, याचे आम्हांस नेहमी नवल वाटते.

यावरून प्रत्येक जटाधारी मनुष्य अवधूत समजावा, असे मात्र नव्हे. पाया पडून नाणे टाकणे हीदेखील न पाहण्याचीच एक रीत आहे. आपल्या मंदिराच्या गल्लीत बंद दुकानाच्या ओट्यावर बसणारे गृहस्थ सर्वांच्या ओळखीचे आहेत. आरतीनंतर आम्ही प्रसाद नेऊन देतो, ते दोन्ही हातांनी घेतात. गल्लीत त्यांना कोणी ‘बाबा’ म्हणते, कोणी ‘वेडा’ म्हणते. गल्लीतल्या शेळीशी ते बोलतात ती भाषा अहिराणी आहे, हे मूळच्या खानदेशच्या एका आजींच्या ध्यानात आले. सुरतेहून भुसावळकडे जाणारी गाडी नंदुरबार, अमळनेरवरूनच जाते. त्या वाटेवर कोठे तरी त्यांचे घर असेल आणि तेथे कोणी अजून वाट पाहत असेल.

मुंबईत डॉ. भरत वाटवाणी व त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता यांनी एका तरुणास करवंटीने गटाराचे पाणी पिताना पाहिले. त्यांनी त्यास आपल्या रुग्णालयात नेले. बरा झाल्यावर तो आंध्रातील सुशिक्षित घरचा विज्ञान-पदवीधर निघाला. त्यातून १९८८ साली ‘श्रद्धा’ ही संस्था उभी राहिली व पुढे कर्जत येथे तिचे केंद्र झाले. २०१८ साली डॉ. वाटवाणींस मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तोवर हजारो रुग्ण बरे होऊन घरी परतले होते.

कायदाही येथे आपल्या बाजूस आहे. मानसिक आरोग्य अधिनियम, २०१७ च्या कलम १०० अन्वये, मनोरुग्ण असून स्वतःची काळजी घेऊ न शकणारी अशी व्यक्ती भटकताना आढळल्यास तिला संरक्षण देणे हे पोलीस ठाण्याच्या अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. चोवीस तासांच्या आत तिला सरकारी रुग्णालयात तपासणीस न्यावे लागते. कोठडीत ठेवता येत नाही. अशी व्यक्ती बेघर असल्यास हरवल्याची नोंद करून तिच्या कुटुंबाचा शोध घेणेही त्यांच्यावर बंधनकारक आहे. मानसिक आजाराविषयी सल्ला हवा असल्यास ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक आहे.

शोधास गावाचे नाव लागते, आणि ते दरडावून विचारल्याने मिळत नाही. म्हणून येत्या गुरुवारी आरतीनंतर त्या आजी व अहिराणी जाणणारे आणखी एक सभासद ओट्यावर त्यांच्याजवळ बसणार आहेत. मुलांनी त्या वेळी भोवती गर्दी करू नये.