चांदीचे जुने कंकण आणि त्यातील पोवळे : परीक्षा व कालनिर्णय

आपल्या अनेक व्यापारी बंधूंच्या घरी आजी-पणजीच्या वेळचे चांदीचे गोठ, तोडे अथवा पोवळी जडविलेली कंकणे जपून ठेवलेली असतात. विवाहाच्या अगर वाटणीच्या प्रसंगी ती बाहेर निघतात आणि बहुधा वजनाच्या भावाने मोडीत जातात. काटा चांदीचे वजन सांगतो, वय सांगत नाही. यास्तव मोडण्यापूर्वी परीक्षा कशी करावी, याचा थोडक्यात विचार करू.

हा विषय सुरतेस परका नाही. उत्तम लाल पोवळे भूमध्य समुद्रातील. सतराव्या शतकात ते इंग्रज कंपनीच्या जहाजांनी सुरतेस येत असे आणि येथील विख्यात जैन व्यापारी वीरजी व्होरा त्याची मोठी खरेदी करीत. त्याच समुद्रातील पोवळे उत्तर आफ्रिकेतील बर्बर लोकांच्या कंकणांतही आढळते. अल्जीरियाच्या काबील प्रदेशात त्याच्या जोडीस निळी, हिरवी व पिवळी मिनाकारी असते. म्हणून परीक्षेचे नियम दोहोंकडे बहुतांशी सारखेच आहेत.

प्रथम पोवळे पाहावे. खऱ्या पोवळ्यात भिंगाखाली बारीक समांतर रेषा दिसतात व रंग सर्वत्र अगदी एकसारखा नसतो. काचेत बुडबुडे आढळतात. सेल्युलॉइड हलके असून घासल्यास कापरासारखा वास येतो. हा पदार्थ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निघाला, तेव्हा मूळ जडाव त्याचाच असेल तर कंकण त्याहून जुने नव्हे. तापलेली सुई वा तेजाब मात्र लावू नये. पोवळे चुनखडीच्याच जातीचे असल्याने आम्लाने झिजते. चिंच-लिंबाने चांदी उजळण्याची आपल्या घरांतील रीत पोवळ्यास घातक आहे.

दुसरी साक्ष झिजेची. खरी झीज मनगटाला व शेजारच्या बांगडीला घासणाऱ्या जागी, तसेच फिरकीवर असते. कडा तीक्ष्ण आणि खाचांतील काळेपणा मात्र सर्वत्र सारखा, असे दिसल्यास नवा माल रसायनाने जुना केल्याचा संशय घ्यावा.

तिसरी साक्ष नाण्याची. दागिन्यात जडविलेले नाणे केवळ सर्वांत आधीची मर्यादा सांगते : दागिना त्यापूर्वीचा नाही, नंतरचा असू शकतो. त्यातही सावध असावे. व्हिक्टोरिया राणीच्या रुपयावर १८६२ हे वर्ष पुढेही अनेक वर्षे उमटत होते. ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेसा नाण्यावर तर १७८० हेच वर्ष विसाव्या शतकातही छापले गेले. भारतीय मानक ब्युरोचा चांदीवरील शिक्का २००५ पासूनचा आहे. तो नसणे हा जुन्या दागिन्याचा दोष नव्हे.

धान्याच्या व्यापाऱ्यास ठाऊक असते की, तोंडावरच्या मुठीवरून पोत्याची परीक्षा होत नाही. सळई खुपसून मधला नमुना काढावा लागतो. येथेही एकाच खुणेवर निर्णय देऊ नये. तिन्ही साक्षी जुळल्या, तर मोडीचा विचार थांबवून जाणकारास दाखवावे. शंभर वर्षांवरील कलावस्तू १९७२ च्या कायद्याने खाजगी व्यक्तीस परदेशी पाठविता येत नाही, हेही ध्यानी असावे.

शेवटी एक विनंती. दागिना कोणाचा, कोठून व केव्हा आला, हे घरातील वडील मंडळी हयात आहेत तोवर विचारून, वजन व छायाचित्रासह वहीत टिपून ठेवावे. भिंगाला न दिसणारी ही माहिती पुढे अन्य कोठेही मिळणार नाही.