थारच्या मोठ्या स्टेपनीसाठी मागचा बंपर

प्रश्न: माझ्या थारला मोठे टायर लावल्यापासून स्टेपनीच्या वजनाने मागचं दार खडखडतं. कॅरिअरवाला लोखंडी बंपर घ्यावा का?

उत्तर: जरूर घ्या, जड चाक दारावर ठेवू नकाच. मात्र कॅरिअरचा भार थेट चासीवर जायला हवा. नुसत्या बंपरच्या पत्र्याला वेल्ड केलेला खांब घाटातल्या हादऱ्यांनी तडकतो.

खरी कसोटी कॅरिअरचा दांडा ज्यावर उघडतो त्या बिजागरीची. तिथे टेपर बेअरिंग आणि ग्रीस निपल हवंच. साधा बुश धूळ-चिखलात झिजतो आणि स्टेपनीचा दांडा लोंबू लागतो. दुकानातच तुमची स्टेपनी चढवून दांडा पूर्ण उघडा, टोक धरून वर-खाली हलवा. ढिलेपणा जाणवला तर तो बंपर नको. दांडा उघड्या स्थितीत अडकवणारी खीळही तपासा. उतारावर तो अचानक मिटला तर सामान काढणाऱ्याचा हात चिरडेल.

टो-हूक चासीलाच बोल्टने जोडलेला हवा. बंपरच्या कडा वर उचललेल्या असल्या की ओढ्यातून चढताना घासत नाहीत. दिवे, नंबरप्लेट झाकली जाऊ नये. फेरबदलाचे नियम आरटीओत आधी विचारा. वाढलेल्या वजनाने मागचा भाग बसला तर स्प्रिंगही बदलाव्या लागतील. तो खर्च आत्ताच धरा.