डायलिसिसचा रुग्ण आणि थकव्याचा जमाखर्च

डायलिसिस विभागात येणाऱ्या नातेवाइकांकडून एक तक्रार हमखास ऐकू येते : "रक्त शुद्ध झाले, मग घरी आल्यावर हे दिवसभर पडून का राहतात?" या तक्रारीत काळजी असते, तशी थोडी नाराजीही असते. ती दूर व्हावी म्हणून हा लेखनप्रपंच.

हेमोडायलिसिस सामान्यतः आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी सुमारे ४ तास करावे लागते. निरोगी मूत्रपिंडे जे काम रात्रंदिवस सावकाश करीत असतात, ते एवढ्या तासांत उरकावयाचे असते. शरीरातील पाणी व क्षार झपाट्याने बदलतात, रक्तदाब उतरू शकतो आणि रुग्ण गळून जातो. शिवाय तांबड्या पेशी तयार होण्यास आवश्यक असलेले एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक मुख्यतः मूत्रपिंडांतच निर्माण होते. ते कमी पडले की हिमोग्लोबिन घटते. त्यासाठी इंजेक्शने व लोह देतात. तरी थकवा पुरता जातोच असे नाही. हा आळस नव्हे.

आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे. वैद्यकात आमचा अधिकार नाही. परंतु रुग्णाच्या शक्तीचा हिशेब आम्हांस रोकडवहीसारखा दिसतो. डायलिसिसच्या दिवशी शिल्लक अल्प, दुसऱ्या दिवशी बरी. घोटाळा होतो तो या बऱ्या दिवशीच. बँक, बाजार, लग्नाची हजेरी, सारे एका दिवसात उरकले जाते. ही उद्याची उचल असते आणि तिचे व्याज जबर असते.

आमच्याकडे येणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांनी (सारा विभाग त्यांना गुरुजी म्हणतो) आठवडाभर प्रत्येक कामापुढे थकव्याची नोंद केली. सर्वांत जड काम निघाले ते उभ्याने केलेली आंघोळ! घरच्यांनी न्हाणीघरात स्टूल ठेवले आणि गुरुजींना सकाळचे वर्तमानपत्र वाचण्याइतकी उमेद उरू लागली. दमल्यावर नव्हे, दमण्यापूर्वी बसावे, हे सूत्र त्यांचेच.

झोपेचा प्रश्न अधिक अवघड आहे. पायांतील अस्वस्थता व अंगाची खाज यांमुळे अनेकांची झोप मोडते. मग दिवसा भरपूर झोपले की पुढची रात्रही बिघडते. दुपारची झोप थोडकी ठेवून रात्री ठरल्या वेळी लवकर अंथरुणावर जाणे बरे. झोपेच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याविना घेऊ नयेत. पण ज्या घरात दहाला पाने मांडली जातात, तेथे नऊला निजणारा एकटा पडतो. गुरुजींच्या सूनबाईंनी साऱ्या घराचे जेवण साडेसातला आणले. आम्हांस हा उपाय कोणत्याही टॉनिकपेक्षा मोलाचा वाटतो.

येथे आमचीही एक चूक नमूद करणे प्राप्त आहे. विभागाची पहिली पाळी सकाळी ६ वाजता सुरू होते आणि कार्यालय केवळ नोंदणीच्या क्रमाने पाळ्या देत असे. परिणामी दूर गावचा रुग्ण पहाटे साडेतीनला उठे, आणि त्यालाच आम्ही पुरेशा झोपेचा सल्ला देत होतो! गुरुजींनी ही विसंगती दाखवल्यावर दूरच्या रुग्णांना दुसरी पाळी देण्यास आरंभ केला आहे. यंत्रे मोजकी असल्याने सर्वांची सोय अद्याप झालेली नाही; काही जण आजही पहाटेच्या पहिल्या एस.टी.ने येतात.