मझल आधी शिकवा, मग बांधा

चावऱ्या कुत्र्याच्या तोंडावर मझल पहिल्यांदा चढतो तो बहुतेक वेळा दवाखान्यातल्या टेबलावर. दोघांनी मान दाबून धरलेली असते आणि सुई समोर असते. त्या दिवसाचं काम भागतं, पण पुढच्या प्रत्येक वेळेचं नुकसान तिथेच होऊन बसतं. जाळी तोंडावर आली की दुखतं, एवढी एकच खूणगाठ कुत्रा बांधतो. इवान पाव्हलॉव्ह यांना 1904 साली नोबेल मिळालं ते पचनक्रियेवरच्या कामासाठी, पण त्याच काळात त्यांच्या प्रयोगशाळेतल्या कुत्र्यांनी एक गोष्ट दाखवून दिली होती. एकीमागोमाग दुसरी गोष्ट वारंवार आली की पहिली दिसताच शरीर दुसरीच्या तयारीला लागतं. दुसरी गोष्ट अन्न असेल तर लाळ सुटते, वेदना असेल तर कुत्रा गुरगुरतो आणि दात दाखवतो. म्हणून माझं सांगणं असं की मझलची सवय गरज नसतानाच, काही आठवडे आधी लावून ठेवावी. ऐन संकटाच्या दिवशी दुकानातून आणलेला मझल कुत्र्याला आणखी बिथरवतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो दयेपोटी. मुक्या जनावराचं तोंड बांधायचं म्हणजे पाप, असं घरातली वडीलधारी माणसं मनापासून म्हणतात, आणि त्यामागची माया खरी आहे. पण आपल्याच वऱ्हाडात डवरणीच्या दिवसांत बैलांच्या तोंडाला मुसकं असतं. पऱ्हाटीच्या नाहीतर तुरीच्या तासात चालताना बैलाने पिकाला तोंड लावू नये, एवढाच त्याचा हेतू. मुसकं सैल विणलेलं असतं, त्यातून श्वास मोकळा चालतो, आणि पाण्याची वेळ झाली की ते निघतं. त्या बैलाला कोणी दुष्ट म्हणत नाही, की त्याच्या धन्याला निर्दय ठरवत नाही. कुत्र्याच्या बाबतीतही प्रश्न हाच विचारावा की जाळी कशी आहे, किती वेळ आहे आणि ती का घातली आहे.

जाळी कशी आहे, याला आपल्या भागात जीवनमरणाचं महत्त्व आहे. दुकानात स्वस्तात मिळणारा नायलॉनचा पट्टीवजा मझल तोंड मिटूनच टाकतो. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तो अंगातली उष्णता मुख्यतः तोंड उघडून, जीभ बाहेर काढून धापा टाकत बाहेर सोडतो. 2024 च्या मे महिन्यात उन्हामुळे अकोल्यात कलम 144 लागू करावं लागलं होतं. अशा उन्हात मिटलेल्या तोंडाचा कुत्रा फिरायला नेणं म्हणजे त्याला उष्माघाताच्या दारात उभं करणं. नायलॉनची पट्टी पशुवैद्यकाच्या हाताखाली, काही मिनिटांपुरतीच वापरावी. रोजच्या वापराला टोपलीसारखा जाळीचा मझल घ्यावा. त्यात कुत्र्याला तोंड पूर्ण उघडून धापा टाकता आल्या पाहिजेत, पाणी पिता आलं पाहिजे आणि फटीतून खाऊचा तुकडा घेता आला पाहिजे. नाकाचा शेंडा जाळीला टेकू नये, कड डोळ्यांखाली घासू नये. तोंडाचा घेर मोजायचा तो ते मिटलेलं असताना नव्हे, धापा टाकताना जेवढं उघडतं तेवढा. पगसारख्या बसक्या नाकाच्या कुत्र्याला साधी टोपली बसतच नाही, त्याच्यासाठी वेगळ्या आकाराचा मझल लागतो.

आता शिकवण्याकडे येतो. इथे क्रमच सगळं काही ठरवतो. आधी मझल दिसावा, मग खाऊ यावा. मझल पाठीमागे गेला की खाऊही थांबावा. हा क्रम उलटला, म्हणजे खाऊ दाखवून वरून जाळी चढवली, तर कुत्रा खाऊवरच संशय घ्यायला शिकतो. टोपली वाटीसारखी हातात धरावी, आत तळाशी दही किंवा उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक चोपडावा आणि हात जागचा हलवू नये. तोंड आत घालायचं ते कुत्र्याने, स्वतःहून. नाक कडेशी येऊन थबकलं तर आपण टोपली पुढे सरकवायची नाही. ही ढकलण्याची ऊर्मी सगळ्यांनाच होते, आणि तिथेच बहुतेकांचं काम बिघडतं. तो बिनधास्त आत तोंड खुपसून चाटत राहायला लागला की पट्टा मानेमागे नुसता टेकवावा, मग क्षणभर अडकवून लगेच सोडावा, मग हळूहळू वेळ वाढवावा, आणि या सगळ्या वेळात जाळीतून खाऊ चालू ठेवावा. पंजाने ओरबाडायला लागला तर समजावं की आपण घाई केली आणि एक पायरी खाली यावं. घरात, गच्चीवर जमलं की मग पहाटे गर्दी नसताना बाहेर. दवाखान्याखेरीज आनंदाच्या वेळीही मझल घालावा, नाहीतर जुनीच खूणगाठ परत पक्की होते.

एवढा खटाटोप कशाला, साखळीने बांधून ठेवा, हा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो. अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात चावणारे आणि न चावणारे कुत्रे यांची तुलना झाली होती. 1994 साली ती प्रसिद्ध झाली. चावणाऱ्यांमध्ये अंगणात साखळीने बांधलेल्यांचं प्रमाण जास्त निघालं. बांधल्यामुळे चावरे झाले की चावरे म्हणून बांधले, हे एवढ्यावरून ठरत नाही, हे मान्य. पण साखळीने चावणं थांबतं, या समजाला त्यातून आधार मिळत नाही, आणि अतिशय आखूड किंवा जड साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवणं 1960 च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यात गुन्हाच आहे. धाकाचंही तसंच. गुरगुरण्यावर फटका बसला की कुत्रा गुरगुरणं सोडतो, भीती सोडत नाही. मग एक दिवस तो इशारा न देता चावतो. आणि ‘आमचा कुणाला काही करत नाही’ म्हणणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं की गाडीखाली पाय सापडलेला सर्वांत गरीब कुत्राही उचलणाऱ्याच्या हाताला चावतो. सवय असेल तर त्या क्षणी मझल कामाला येतो. फक्त उलटी होत असेल किंवा श्वास लागला असेल तर तो अजिबात घालू नये.

मझलने राग जात नाही, हेही खरं. चावा रोखला जातो, बस. अचानक चावरा झालेल्या कुत्र्याला आधी दाखवावं, कारण कानाचं, दाताचं किंवा सांध्याचं दुखणं रागाच्या रूपाने बाहेर येतं. त्यासाठी गावातला पशुवैद्यक आहे, अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे. रेबीजची लस मझल असला तरी वेळेवर द्यायचीच. मझल घातलेला कुत्रा एकटा सोडू नये, आणि फिरायला नेताना मोकाट कुत्र्यांची टोळी दिसली तर वाट बदलावी, कारण तोंड बांधलेलं असताना त्याला स्वतःला वाचवता येत नाही.