मोबाइलमधले संगीत रेकॉर्ड करताना

मोबाइलवरच्या संगीत-अ‍ॅपमधला आवाज मुळात आकड्यांच्या रूपात तयार होतो. तानपुऱ्याचे साधे अ‍ॅप असो, तबल्याचे लूप जुळवणारे असो किंवा गॅरेजबँड, बँडलॅब, एफएल स्टुडिओ मोबाइल यांसारखा अख्खा स्टुडिओ असो, स्पीकरपर्यंत पोहोचण्याआधी आवाज फोनच्या आतच पूर्ण झालेला असतो. बिघाड होतो तो पुढच्या प्रवासात. रियाजाची, भजनी मंडळांची, एकांकिकांच्या पार्श्वसंगीताची जी वाया गेलेली रेकॉर्डिंग प्रस्तुत लेखकाने ऐकली, त्यांत अ‍ॅपचा दोष क्वचितच निघाला. आवाज अ‍ॅपमधून बाहेर काढण्याची वाट बहुतेक वेळा चुकलेली असे.

सर्वाधिक वापरली जाणारी वाटच सर्वांत वाईट आहे. एका फोनवर अ‍ॅप वाजवायचे आणि शेजारी ठेवलेल्या दुसऱ्या फोनने ते टिपायचे, ही ती वाट. पहिले नुकसान स्पीकरवर होते. काळी एकच्या पट्टीत पुरुष गायकाचा षड्ज सुमारे १३९ हर्ट्‌झचा असतो आणि तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ हर्ट्‌झच्या आसपास बोलते. फोनच्या इवल्याशा स्पीकरमधून इतका खालचा सूर जवळपास निघतच नाही. खर्ज वाजतो आहे असे वाटते ते त्या तारेच्या वरच्या स्वरांशांमुळे. कान उरलेला सूर स्वतः भरून काढतो. डग्ग्याची घुमकही अशीच हरवते आणि चाटेवरची टकटक तेवढी उरते.

दुसरे नुकसान टिपणाऱ्या फोनमध्ये होते आणि ते अधिक फसवे आहे. फोनची माइकव्यवस्था प्रामुख्याने बोलणे स्पष्ट ऐकू यावे यासाठी केलेली असते. त्यामुळे अनेक रेकॉर्डर गोंगाट कमी करणारी आणि आवाजाची पातळी आपोआप वरखाली करणारी यंत्रणा न विचारता चालू ठेवतात. पंख्याची घरघर किंवा एसीचा आवाज यांसारखा न बदलणारा, सतत चालणारा नाद म्हणजे गोंगाट, असे ती यंत्रणा धरून चालते. तानपुऱ्याचा गुणच तो आहे: अखंड आणि स्थिर. यंत्रणा त्यालाच गोंगाट समजून पुसायला लागते. अशा रेकॉर्डिंगमध्ये गायकाने स्वर लावला की तानपुरा मागे दबतो, गायक थांबला की काही क्षणांनी उसळून वर येतो, आणि लांब विरामात पातळ होत जातो. स्वराचा लगाव तपासण्यासाठी ज्या आधाराची गरज असते, तोच आधार डळमळीत होतो. असे रेकॉर्डिंग गुरूंना ऐकवून त्यावर मार्गदर्शन मागणे हा शिष्यावर अन्याय आहे. दुसऱ्या फोनवाचून इलाजच नसेल, तर रेकॉर्डरच्या सेटिंगमधली आवाज सुधारणारी सोय बंद करावी, ‘संगीत’ असा पर्याय असल्यास तो निवडावा आणि तानपुरा फोनऐवजी बऱ्यापैकी मोठ्या स्पीकरवर लावावा.

अ‍ॅपमध्ये स्वतःची ‘एक्स्पोर्ट’ किंवा ‘शेअर’ची सोय असेल, तर दुसरीकडे पाहण्याचे कारण नाही. एक्स्पोर्ट करताना अ‍ॅप आतल्या आकड्यांवरून थेट फाइल बनवते. स्पीकर, खोली आणि माइक या तिन्हींना बगल मिळते. फोन आला तरी फार तर काम थांबते आणि पुन्हा करता येते. फाइलमध्ये रिंगटोन शिरत नाही. जिथे एक्स्पोर्ट उपलब्ध आहे तिथेही काही जण केवळ सवयीने स्क्रीन रेकॉर्ड करतात. एका एकांकिकेच्या तालमीत याचा फटका बसलेला पाहिला आहे. संवादाखालच्या शांत सुरावटीत, पात्र थबकते नेमक्या त्या जागी, मेसेजची टिंग वाजत असे. ती सुरावटीच्या स्वरांत मिसळून गेल्यामुळे काढता आली नाही आणि तो तुकडा नव्याने बांधावा लागला.

एक्स्पोर्टपूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली गोष्ट शेवटची. तानपुऱ्याची आस किंवा हॉलचा परिणाम देणारी गुंज शेवटच्या आघातानंतरही काही सेकंद चालते, आणि अ‍ॅप गाण्याची हद्द संपताच फाइल तोडू शकते. म्हणून शेवटी एक-दोन बार रिकामे सोडावेत. दुसरी गोष्ट बारांच्या हिशेबाची. गॅरेजबँडच्या मोबाइल आवृत्तीत एखाद्या वाद्यापासून नवे गाणे सुरू केले की पहिला विभाग आठ बारांचा मिळतो. चार मात्रांचा बार आणि ११० ची लय धरली तर हे सारे साडेसतरा सेकंदांत संपते. त्यानंतर लांब आलाप सलग उतरण्याची अपेक्षा व्यर्थ आहे. विभागाची लांबी आधीच वाढवावी किंवा ती आपोआप वाढण्याचा पर्याय चालू करावा.

आपल्या तालांसाठी हा हिशेब आणखी बारकाईने करावा लागतो, कारण या अ‍ॅपमधले बार पाश्चात्त्य मोजणीचे आहेत. तीनतालाच्या सोळा मात्रा चार बारांत चपखल बसतात. रूपकाच्या सात मात्रा बसत नाहीत. आठ बारांच्या बत्तीस मात्रांत रूपकाची चार आवर्तने होऊन चार मात्रा उरतात, आणि लूप पुन्हा फिरला की सम भलतीकडेच पडते. यावर तोड सोपी आहे. रूपकासाठी सात बारांचा विभाग घ्यावा म्हणजे अठ्ठावीस मात्रांत बरोबर चार आवर्तने होतात. झपतालासाठी पाच बारांत दोन आणि दादऱ्यासाठी तीन बारांत दोन आवर्तने बसतात. मेट्रोनोमचा ठोका मात्र दर चौथ्या मात्रेनंतर जोर देतो आणि रूपकाच्या खालीशी तो सतत भांडतो. मात्रांचा अंदाज बसला की तो बंद करून ठेक्यावरच गावे.

अ‍ॅपमधल्या साथीवर आवाज चढवायचा असेल, तर ब्लूटूथ हेडफोन बाजूला ठेवावेत. ब्लूटूथवरून आवाज कानापर्यंत पोहोचायला साधारण दोनशे मिलिसेकंद लागू शकतात. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा पाचशे मिलिसेकंदांची असते, म्हणजे ठेका ऐकून गाणारा माणूस जवळजवळ अर्धी मात्रा मागे पडतो. गाताना त्याला हे जाणवत नाही, कारण त्याच्या कानात सगळे जुळलेलेच असते. दोष उघडा पडतो तो फाइल ऐकताना. त्याहून गंभीर भाग माइकचा. ब्लूटूथ हेडफोनचा माइक चालू झाला की अनेक फोन कॉलसाठीची जोडणी वापरू लागतात आणि आवाज एका वाहिनीचा, टेलिफोनसारखा चपटा होतो. साध्या तारेचे हेडफोन या दोन्ही अडचणी दूर करतात, शिवाय साथ माइकमध्ये गळत नाही.

एक्स्पोर्टची सोय नसलेल्या अ‍ॅपसाठी स्क्रीन रेकॉर्डिंग हा मधला मार्ग आहे. आयफोनवर तो २०१७ मधील आयओएस ११ पासून मिळतो. कंट्रोल सेंटरमधले रेकॉर्डचे बटण दाबून धरले की माइक चालू-बंद करता येतो. अ‍ॅपचाच आवाज हवा असेल तर माइक बंद असल्याची खात्री करावी. अँड्रॉइडवर दुसऱ्या अ‍ॅपचा आवाज आतून टिपण्याची मुभा २०१९ मधील अँड्रॉइड १० पासून आली आणि अँड्रॉइड ११ मध्ये फोनचाच स्क्रीन रेकॉर्डर तो घेऊ लागला. इथे ध्यानात ठेवण्याची बाब अशी की अ‍ॅप बनवणारा ही मुभा नाकारू शकतो. तशा अ‍ॅपचे चित्र टिपले जाते, आवाज मात्र येत नाही, आणि सूचनाही मिळत नाही. म्हणून प्रत्येक नव्या अ‍ॅपवर आधी अर्ध्या मिनिटाची चाचणी घेऊन ती ऐकावी. फोन विमान-मोडवर टाकावा, ब्लूटूथ वेगळे बंद करावे आणि अलार्म तपासावेत, कारण अलार्म विमान-मोडला जुमानत नाही.

आयपॅड किंवा आयफोनवर अनेक अ‍ॅप एकत्र वापरणाऱ्यांसाठी एका अ‍ॅपचा आवाज दुसऱ्यात घेण्याची सोयही आहे. ऑडिओबस या अ‍ॅपने २०१२ मध्ये ती रूढ केली, अ‍ॅपलने २०१३ मध्ये स्वतःची इंटर-अ‍ॅप पद्धत आणली आणि २०१९ पासून ती मोडीत काढायला घेतली. आज भरवशाची पद्धत ऑडिओ युनिटची, म्हणजे एक अ‍ॅप दुसऱ्याच्या आतच चालवण्याची आहे. नवे अ‍ॅप विकत घेताना ते ऑडिओ युनिट म्हणून चालते का, हे आधी पाहावे.

तारेने आवाज संगणकात नेता येतो, पण तार योग्य खाचेत जायला हवी. हेडफोनची तार दुसऱ्या फोनच्या माइकच्या जोडणीत खुपसल्यास आवाज फाटतो. ती जोडणी अतिशय क्षीण संकेतासाठी असते आणि वाहिनीही एकच घेते. ऑडिओ इंटरफेसची लाइन-खाच हे योग्य ठिकाण. हेडफोनची खाच नसलेल्या अँड्रॉइड फोनांत काही टाइप-सी जोडण्या साध्या असतात आणि काहींत आकड्यांचा आवाज करणारी चिप असते. चुकीची जोडणी लावली तर काहीच ऐकू येत नाही.

वाट कोणतीही असो, पातळीचा नियम एकच आहे. डिजिटल आवाजात शून्य डेसिबल ही वरची हद्द आहे. तिच्यावर गेलेला भाग कापला जातो आणि नंतर पातळी कमी करून तो परत येत नाही. वेगवेगळे ट्रॅक हद्दीत असले तरी त्यांची बेरीज हद्द ओलांडू शकते: दोन हुबेहूब सारखे ट्रॅक एकत्र आले की पातळी सहा डेसिबलने चढते. म्हणून एकूण मिश्रणाचा काटा पाहावा आणि सर्वांत मोठा आघात उणे सहाच्या आसपास ठेवावा.

सॅम्पलिंगच्या दराकडे दुर्लक्ष झाले तर थेट सूरच बदलतो. सीडीचा दर सेकंदाला ४४,१०० नमुन्यांचा आहे, व्हिडिओत ४८,००० चा चालतो. ४४,१०० दराची फाइल ४८,००० दराची समजून वाजवली गेली, की काळी एकचा षड्ज चढून पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मधोमध जाऊन बसतो आणि दहा मिनिटांचा ख्याल सव्वानऊ मिनिटांच्याही आत उरकतो. पेटी कोणत्याच पट्टीत जुळेना, तर आधी हा दर तपासावा.

मूळ प्रत नेहमी वेव्ह स्वरूपात ठेवावी. सीडीच्या दर्जाची दोन वाहिन्यांची फाइल मिनिटाला साधारण दहा एमबी जागा घेते, ४८,००० दराची २४ बिटांची सुमारे सतरा. एमपी-३ किंवा एएसी प्रत फक्त ऐकवण्यासाठी काढावी आणि तिच्यावर पुन्हा संपादन करू नये, कारण दर वेळी आवाज आणखी झिजतो. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवताना फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवावी, म्हणजे ती आहे तशीच पोहोचते. फाइलच्या नावात राग, पट्टी, ताल, लय आणि तारीख लिहावी.

शेवटी साठवण. गॅरेजबँडसारख्या अ‍ॅपमधले प्रोजेक्ट फोनवर त्या अ‍ॅपच्याच जागेत राहतात. जागा कमी पडली म्हणून अ‍ॅप काढले की तेही पुसले जातात आणि अ‍ॅप पुन्हा घेतल्याने परत येत नाहीत. संपलेल्या प्रत्येक कामाची वेव्ह फाइल आणि प्रत्येक ट्रॅकची वेगळी फाइल त्याच दिवशी फोनबाहेर, संगणकावर किंवा पेन ड्राइव्हवर उतरवावी. वेगळे ट्रॅक काढण्याची सोय अ‍ॅपमध्ये नसेल, तर बाकीचे बंद करून एकेक ट्रॅक एक्स्पोर्ट करावा.