तळघर गळतंय? कंत्राटदार नेमण्याआधी…

कॉम्प्युटरच्या मुलांना नातेवाईक घरचा पीसी दुरुस्त करायला बोलावतात, आम्हा सिव्हिलवाल्यांना गळती दाखवायला. तिसऱ्या वर्षापर्यंत मी निदान दहा घरांची छतं मान वर करून पाहिली असतील. पण गेल्या पावसाळ्यात मामाच्या सोसायटीने मला छत नाही, तळघर दाखवलं. आरे कॉलनीला लागून, टेकडीच्या उतारावर ही सात मजली इमारत आहे. खाली पार्किंग, पंपरूम आणि विजेच्या मीटरची खोली. जमिनीवर घोटाभर पाणी, आणि वॉचमनकाका त्याच पाण्यातून चालत जाऊन पंपाचं बटण दाबत होते. म्हणजे प्रश्न गाड्यांच्या टायरचा नव्हता, माणसाच्या जिवाचा होता.

कमिटीकडे तीन कंत्राटदारांची कोटेशन्स आली होती. पहिला म्हणत होता, सगळ्या भिंतींना आतून कोटिंग करा. दुसरा म्हणत होता, भोकं पाडून केमिकल इंजेक्शन द्या. तिसऱ्याने तर "पाया बसलाय" असं सांगून सगळ्या कॉलमना जॅकेटिंग सुचवलं होतं, आणि त्याचा आकडा पहिल्याच्या तिप्पट होता. सेक्रेटरी काका म्हणाले, "तू इंजिनियर होणार ना बाळा? मग सांग, यातला कुठला घ्यायचा?" मी ते कागद आमच्या सरांना दाखवले. सर एवढंच म्हणाले, "तिघांनी औषध लिहून दिलंय. रोग कोणीच सांगितलेला नाही."

त्यानंतरच्या चार महिन्यांत जे शिकायला मिळालं ते इथे मांडते आहे. मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे आमची पुस्तकं, नोट्स, सगळं इंग्रजीत. पण पाझर, जोतं, कोबा, वाटा, टाचे हे शब्द मला साइटवरच्या मिस्त्रींनी शिकवले. ज्या भाषेत शिकले त्याच भाषेत लिहिते.

पाणी येतं कुठून?

आरेचा भाग म्हणजे डेक्कन ट्रॅपचा कातळ. वर थोडी माती, खाली मुरूम, त्याखाली झिजलेला दगड आणि मग पक्का खडक. पावसाचं पाणी माती-मुरमातून झरझर खाली उतरतं, पण पक्क्या खडकात सहज शिरत नाही. मग ते खडकाच्या पाठीवरून आणि फटींमधून उताराकडे वाहत राहतं. ओशिवरा नदीचा उगम आरेच्याच टेकड्यांत आहे, यावरून इथून किती पाणी वाहत असेल याची कल्पना करा.

आता या कातळात आपण तळघरासाठी खड्डा खणतो. भिंती उभ्या झाल्यावर बाजूची मोकळी जागा भरावाने भरतो. भराव सैल, आजूबाजूचा खडक घट्ट. सगळं पाणी त्या सैल पट्ट्यात येऊन साचतं आणि इमारत एका टाक्यात उभी राहते. शेजारच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीची लेणी आहेत. तिथल्या भिक्षूंनी पावसाचं पाणी साठवायला कातळात पोढी खोदल्या. कातळातला खड्डा पाणी धरून ठेवतो हे त्यांना ठाऊक होतं. आपण तसाच खड्डा खोदतो आणि त्यात मारुती पार्क करतो!

पाऊस किती? २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. एक हजार चौरस मीटरच्या प्लॉटवर एवढा पाऊस म्हणजे ९४४ घनमीटर, म्हणजे दहा हजार लिटरचे सुमारे ९४ टँकर. त्यात वरच्या टेकडीवरून येणारं पाणी धरलेलंच नाही.

दाबाचं गणित

आता फ्लुइड मेकॅनिक्सचं पहिलं प्रकरण आठवा. भिंतीमागे ३ मीटर पाणी साचलं तर तळाशी दाब दर चौरस मीटरला ३ टन. एक मीटर रुंदीच्या पट्टीवर एकूण आडवा जोर निम्मा गुणिले ३ गुणिले ३, म्हणजे साडेचार टन. हाच दाब राफ्टला खालून वरही ढकलतो. २० बाय १५ मीटरचं तळघर असेल तर ९०० टन! ३० सेंटिमीटर जाडीच्या राफ्टचं स्वतःचं वजन दर चौरस मीटरला फक्त पाऊण टन असतं. बाकीचा जोर वरच्या इमारतीचं वजन आणि राफ्टची सळई पेलते.

म्हणून "ओल आहे, रंग मारून टाकू" हे तळघराच्या बाबतीत चालत नाही. १ आणि २ जुलै २०१९ च्या दरम्यानच्या रात्री मालाडच्या पिंपरीपाड्यात जलाशयाची संरक्षक भिंत मुसळधार पावसात कोसळली आणि तीसच्या आसपास माणसं गेली. ते ठिकाण आरेपासून फार लांब नाही. भिंतीमागच्या पाण्याला वाट देणं किती महत्त्वाचं आहे, हे आपल्याला तेवढ्यावरून कळायला हवं.

आधी निदान

तळघरातलं पाणी तीन ठिकाणांहून येऊ शकतं: पावसाचं, नळाचं किंवा गटाराचं. ओळखायचं कसं? आम्ही केलेल्या चाचण्यांना खर्च जवळजवळ शून्य आला.

१. वेळेची वही. वॉचमनकाकांनी आठ दिवस रोज तीनदा पाण्याची उंची लिहिली. पाऊस नसलेल्या दिवशीही पाणी वाढत असेल तर संशय पाइप किंवा टाकीवर घ्यायचा.

२. टाकीची चाचणी. जमिनीखालच्या टाकीचे आत-बाहेरचे दोन्ही व्हॉल्व्ह रात्री बंद करायचे, पातळीला खूण करायची आणि सकाळी पाहायचं. आमची पातळी चार बोटं उतरली होती!

३. रंगाची चाचणी. संशय असलेल्या ड्रेनेज चेंबरमध्ये रंग टाकायचा आणि तो तळघरात उतरतो का ते पाहायचं.

४. प्लॅस्टिकची चाचणी. भिंतीवर प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवून दोन दिवस ठेवायचा. थेंब भिंतीकडच्या बाजूला आले तर पाझर, खोलीकडच्या बाजूला आले तर नुसती हवेतली दमट वाफ. दमट वाफेला पंखा पुरतो, त्यासाठी लाखांचं कंत्राट लागत नाही.

आमच्याकडे रोग तीन निघाले. टाकी गळत होती. टेकडीच्या बाजूचं पावसाळी गटार डेब्रिसने बुजलं होतं, म्हणून वरचं पाणी थेट भिंतीच्या मुळाशी उतरत होतं. आणि भिंत व राफ्ट यांच्या सांध्यातून पाझर होता. पहिल्या दोन रोगांचा तिन्ही कोटेशन्समध्ये उल्लेखही नव्हता.

पाया खरंच बसलाय का?

हा शब्द ऐकला की कमिटी घाबरते आणि सही करते. म्हणून आधी पुरावा मागायचा. पाया एका बाजूला खचला की भिंतींत तिरक्या भेगा येतात, खिडकीच्या कोपऱ्यातून निघतात, विटांच्या सांध्यातून पायऱ्या-पायऱ्यांनी चढतात. दारं अडकायला लागतात. नुसत्या गिलाव्यावरच्या केसासारख्या भेगा म्हणजे पाया खचणं नव्हे.

भेग जिवंत आहे की जुनी, हे पाहायला काचेची पट्टी वापरतात. भेगेवर आडवी काच प्लास्टरने चिकटवायची, शेजारी तारीख लिहायची. भेग हलली तर काच तडकते. आम्ही ऑगस्टमध्ये सहा पट्ट्या लावल्या, नोव्हेंबरपर्यंत एकही तडकली नाही. शिवाय एका कॉलमशेजारी खड्डा घेऊन फूटिंग पाहिलं, ते खडकावर टेकलेलं होतं. गंज मात्र होता, दोन कॉलमच्या पायथ्याशी. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून वरचं काँक्रीट फुगून सुटतं. दोन कॉलम आजारी होते आणि तिसऱ्या कंत्राटदाराने ऑपरेशन सगळ्यांचं सांगितलं होतं!

एक धोक्याची खूण मात्र लक्षात ठेवा. पंपाने उपसलेलं पाणी सतत गढूळ येत असेल तर पाण्याबरोबर पायाखालची मातीही निघते आहे. तेव्हा पंप वाढवायचा नाही, इंजिनियरला बोलवायचं.

उपाय कुठून करायचा?

सगळ्यात चांगलं वॉटरप्रूफिंग बाहेरून, म्हणजे पाण्याच्या बाजूने होतं. तिथे पाण्याचा दाब थराला भिंतीवर दाबून धरतो. मुंबईत जुनी रुळलेली पद्धत म्हणजे बॉक्स टाइप: राफ्टखाली आणि भिंतींच्या बाहेरून शहाबाद फरशीची पेटी करायची, सांधे आणि पोकळी सिमेंटने भरायची. पण ही पेटी बांधकामाच्या वेळीच होते. इमारत उभी राहिल्यावर बहुतेक वेळा आतूनच काम करावं लागतं, आणि तिथे पाणी थराला मागून ढकलून सोलून काढायला बघतं. साधा रंग म्हणूनच एका पावसाळ्यात फुगतो.

आतून करायचं तर क्रम असा: आधी टाकी आणि गटार दुरुस्त करा. मग सांध्याला खाच घ्या, नोझल बसवा आणि ग्राउट भरा. जिथे पाणी वाहतं आहे तिथे पाण्याशी संयोग होऊन फुगणारं पॉलियुरेथेन. मग टाचे मारून सिमेंटवर आधारित कोटिंग, आणि कोपऱ्यांना वाटा. एवढं करूनही थोडं पाणी येणार हे गृहीत धरून कडेने चर, एक संप आणि दोन पंप ठेवा, एक चालता आणि एक राखीव. आणि मीटरची खोली शक्य तितक्या लवकर वर हलवा.

कंत्राटात काय लिहायचं?

इथे बहुतेक सोसायट्या फसतात. आमच्या कमिटीने सरांच्या सल्ल्याने तीन गोष्टी वेगळ्या केल्या: रोग सांगणारा वेगळा, काम करणारा वेगळा, मोजमाप तपासणारा वेगळा. आधी स्ट्रक्चरल इंजिनियरकडून अहवाल आणि कामाची यादी घेतली. मग त्याच यादीवर तिन्ही कंत्राटदारांकडून नव्याने दर मागवले. आता आंबा आणि आंब्याचीच तुलना झाली! करारात हे मुद्दे हवेत:

• प्रत्येक कामाचं एकक आणि दर: कोटिंग चौरस मीटरवर, नोझल नगावर, ग्राउट किलोवर. "एकूण तळघराचे इतके" असा ठोक आकडा नको.
• कोणतं मटेरियल, किती थर, किती जाडी. पिशव्या आणि डबे सीलबंद यावेत, रिकामे मोजून ठेवावेत.
• पैसे कामाच्या टप्प्याने. निदान दहा टक्के रक्कम एक पूर्ण पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवावी. तळघराची खरी परीक्षा जुलैच घेतो.
• गॅरंटी कशाची? "ट्रीट केलेल्या भागाची" असं बारीक अक्षरात असेल तर पाणी दोन फूट सरकून आलं की कंत्राटदार मोकळा. कामाची हद्द नकाशावर लिहून घ्या.
• इंजिनियरच्या लेखी परवानगीशिवाय कॉलम, बीम, फूटिंग फोडायचं नाही. फूटिंगखाली काम करायचंच असेल तर टेकू देऊन, छोट्या छोट्या तुकड्यांत, एक सोडून एक.
• अर्धवट कामाचा पावसाळ्यातला बंदोबस्त कोणाकडे?

शेवटच्या दोन मुद्द्यांसाठी दोन उदाहरणं देते. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरची साईदर्शन इमारत कोसळली आणि १७ जण गेले. तळमजल्यावर चाललेले फेरबदल तेव्हा चर्चेत होते. दुसरं उदाहरण मेट्रो तीनचं. तिच्या २७ स्थानकांपैकी २६ जमिनीखाली आहेत, जमिनीवरचं एकटं आपलं आरे. २६ मे २०२५ रोजी पाऊस लवकर आला आणि नुकतंच सुरू झालेलं आचार्य अत्रे चौक स्थानक पाण्याने भरलं. काम चालू असलेल्या प्रवेशद्वाराजवळची पाणी अडवणारी भिंत कोसळल्याचं मेट्रो कॉर्पोरेशनने सांगितलं. स्थानक तयार होतं, पण पाण्याने अर्धवट राहिलेली जागा शोधली. एवढ्या मोठ्या प्रकल्पात हे होतं, तर आपल्या सोसायटीत का नाही होणार?

आणि कायदाही माहीत असू द्या. मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८ च्या कलम ३५३-ब नुसार ३० वर्षांहून जुन्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे. सदोष कामाबद्दल ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं, पण हातात लेखी करार आणि पावत्या असतील तरच तिथे बोलता येतं.

ज्यांच्या जिवावर काम होतं

एक मुद्दा कोणत्याच कोटेशनमध्ये नव्हता, तो मी कमिटीला आग्रहाने घालायला लावला. ९ मार्च २०२५ रोजी नागपाड्यात इमारतीची पाण्याची टाकी साफ करताना चार कामगार गुदमरून गेले. तळघर आणि टाकी या बंदिस्त जागा. तिथे हवा खेळती ठेवणारा ब्लोअर, बाहेर उभा एक माणूस, दोर, ओल्या जागेत सुरक्षित वीजजोडणी आणि कामगारांचा विमा, हे सगळं दरात धरलेलं असलं पाहिजे. स्वस्त कोटेशन बहुतेक वेळा इथेच स्वस्त झालेलं असतं.

शेवटी काम नोव्हेंबरात सुरू झालं, तिसऱ्या कोटेशनच्या निम्म्याहून कमी खर्चात. ते मिळालं पहिल्या कंत्राटदारालाच. माणूस वाईट नव्हता, त्याला कोणी नीट प्रश्न विचारला नव्हता एवढंच. राखून ठेवलेली दहा टक्के रक्कम अजून सोसायटीच्या खात्यात आहे. निकाल पुढचा पावसाळा देईल.

तर मित्रमैत्रिणींनो, पुढच्या वेळी एखादे काका कोटेशनचे कागद हातात देऊन "कुठला घेऊ?" असं विचारतील, तेव्हा सगळ्यात कमी आकड्यावर बोट ठेवू नका. आधी विचारा, "काका, पाऊस नसतो त्या दिवशी पाणी येतं का?"